बॅटरीची घटस्थापना

भालचंद्र पोतनीस खोलीत आले म्हणून कुणी खुर्चीवरून उठलंय, असं उभ्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. सरकारी हिशेब कचेरीत हयात गेली, तिथे साहेब आले की हेच उठायचे. घरी पत्नी वनमालाबाई उठायच्या, पण त्या दूध उतू जातंय म्हणून. वर्षातला एकच दिवस असा होता की हिंदी मुलखातल्या दर्पण कॉलनीतला सगळा मराठी समाज त्यांच्यासाठी खोळंबून उभा राहायचा, आणि तो दिवस म्हणजे दसरा.

कॉलनीच्या मागच्या मैदानात शमीची मोठी फांदी रोवायची, तिच्या अलीकडे चुन्याची रेघ मारायची. ती सीमा. ‘पोतनीसांचा मान!’ अशी हाक झाली की भालचंद्रराव जरीची टोपी सावरत रेघ ओलांडणार, पहिलं पान तोडणार, आणि मग बाकीच्यांनी फांदीवर तुटून पडायचं. दोन मिनिटांचं काम. पण त्या दोन मिनिटांच्या जिवावर हा गृहस्थ उरलेलं वर्ष काढायचा. हसू नका. दरबारात पोतनिशी केलेल्या घराण्याचं आता उरलंय काय, तर एक आडनाव आणि हे एक पान. बाकी सगळं गेलं, वीजबिल तेवढं वेळेवर येतं.

आता या पानावर दुसऱ्याचा डोळा पडला. मानसिंगराव जगदाळे शहराच्या लश्कर भागातून इथे राहायला आले आणि पहिल्याच वर्षी मिशीवरून हात फिरवत म्हणाले, “लेखणीवाल्यांनी सीमा कशाला ओलांडायची? ते काम तलवारवाल्यांचं.” त्यांचे पूर्वज घोडदळात होते. स्वतः मानसिंगराव विमा कंपनीत होते, पण ते सोडा. भालचंद्ररावांनी जिथल्या तिथे सुनावलं, “आणि तलवारवाल्यांचा पगार कोण काढत होतं?” झालं! त्या दिवसापासून दोघांचं विळ्या-भोपळ्याचं सख्य. गेल्या दसऱ्याला तर दोघांनी एकाच वेळी एकाच डहाळीला हात घातला आणि ओढाताणीत अख्खी फांदी उपटून आली. कुणीतरी त्याचा व्हिडिओ काढला. कॉलनीच्या ग्रुपवर तो अजून फिरतोय.

तर गाडीची गोष्ट इथून सुरू होते. भालचंद्ररावांची मुलगी श्रुती पुण्याला नोकरी करते. डॉक्टरांनी बाबांना चालायला सांगितलंय आणि बाबा चालत नाहीत, म्हणून तिने त्यांना रिमोटवर पळणारी गाडी पाठवली. खेळणं नव्हे हं, चांगली हातभर लांब, खडबडीत जमिनीवर उड्या मारत जाणारी, मोठ्या माणसांच्या छंदाची गाडी. “बाबा, रोज संध्याकाळी मैदानावर जायचं, गाडी पुढे, तुम्ही मागे. मतलब चलना तो पड़ेगा ना!” पोरीचा हिशेब चोख होता. बाबा स्कूटरने मैदानावर गेले, मधोमध प्लास्टिकची खुर्ची टाकली, तिच्यावर बसले आणि गाडी स्वतःभोवती फिरवली.

मानसिंगरावांनी गच्चीवरून हे पाहिलं. आठवडा उलटायच्या आत त्यांच्याकडे तशीच गाडी आली. मग काय, कॉलनीच्या सभेत मानाचा विषय निघाला की गाड्यांचाही निघायचा, कुणाची पुढे गेली, कुणाची उलटली. अध्यक्ष शालिनीताई म्हणजे निवृत्त मुख्याध्यापिका. त्यांनी पोरं सरळ केली होती, पण या दोघांपुढे त्यांनी हात टेकले. एकदा टेबलावर हात आपटून त्या ओरडल्या, “मग जाऊ देत तुमच्या त्या गाड्याच सीमोल्लंघनाला! ज्याची गाडी आधी रेघ ओलांडेल, त्याचा मान! संपवा एकदाचं!”

ताई वैतागून बोलल्या होत्या. दोघांनी तो ठराव समजला. त्याच रात्री भालचंद्रराव जेवताना म्हणाले, “ऐकलंस? आता सोक्षमोक्ष लागणार.” वनमालाबाई म्हणाल्या, “आधी भात संपवा.”

त्यानंतर घरात सुधारणांचं युग आलं. भालचंद्ररावांचा सिद्धांत असा, की गाडी जशी आली तशी पळवणं हे कमीपणाचं. आधी त्यांनी जुनी मोटर काढून दुप्पट ताकदीची बसवली. त्या ताकदीने प्लास्टिकच्या गिअरचे दात पडले. मग लोखंडी गिअर आले. लोखंडी गिअरांनी मागचा दांडा पिरगळला. मग दांडा आला. दांडा शाबूत राहिला तशी चाकांच्या जोडावर आफत आली, म्हणून तिथे ॲल्युमिनियम आलं. प्रत्येक पार्सलबरोबर भालचंद्रराव म्हणत, “बस, हे शेवटचं. आता काही मोडणार नाही.” आणि ते खरंही असायचं, कारण जे बसवलं ते मोडायचं नाहीच. त्याच्या शेजारचं मोडायचं.

ॲल्युमिनियमने वजन किती वाढलं हा प्रश्न पडला, तेव्हा हे महाशय चाकांचे जोड रुमालात बांधून सराफ्यात गेले. घरचा काटा त्यांना विश्वासाचा वाटेना. ओळखीच्या सराफाने ते सुटे भाग काट्यावर ठेवले, वजन तोळ्यात सांगितलं आणि आदबीने विचारलं, “पोतनीस साहब, इसका बनवाएँगे क्या?” भालचंद्ररावांनी गंभीरपणे सांगितलं, “इज्जत.” सराफाने आदबीने सगळे भाग पुन्हा रुमालात बांधून दिले.

वजन वाढलं म्हणजे गाडी जड झाली, आणि जड गाडीला ओढायला आणखी जोर हवा. म्हणजे मोठी बॅटरी. आली ती. लायपो म्हणतात तिला. चंदेरी वर्खात गुंडाळलेली, हाताला मऊसर, बर्फीच्या मोठ्या वडीएवढी, आणि अंगात ताकद अशी की गाडीने पहिल्याच झटक्यात पुढची दोन्ही चाकं उचलली आणि भालचंद्ररावांच्या खुर्चीवर चाल करून आली. भालचंद्रराव खुर्चीसकट मागे गेले. पडल्या पडल्या ते आनंदाने ओरडले, “ये हुई ना बात!”

मानसिंगरावांनी काय केलं? काहीही नाही. गाडीला एक भगवा झेंडा लावला आणि पितळी घुंगरू बांधलं. रोज सकाळी मैदानात धुरळा उडवत ती पळवायची, थकली की घरी न्यायची. “घोड्याला रपेट लागते, दागिने नाही,” असं ते मुद्दाम भिंतीपलीकडून ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणायचे. भालचंद्रराव खिडकी लावून घ्यायचे.

नवरात्र तोंडावर आलं आणि भालचंद्ररावांच्या डोक्यात कल्पना आली. लोक खंडेनवमीला हत्यारांची पूजा करतात. एका दिवसाची पूजा! यांनी ठरवलं, आपली बॅटरी घटाबरोबर बसणार आणि थेट दसऱ्याला उठणार. देवीपुढे नऊ दिवस काढलेल्या बॅटरीपुढे जगदाळ्यांचं घुंगरू काय टिकणार? घटस्थापनेच्या सकाळी त्यांनी स्नान केलं, सोवळं नेसलं आणि बॅटरी चार्जरला लावली. पूर्ण भरल्याचा भोंगा वाजला तसा त्यांनी नमस्कार केला.

श्रुती तेव्हा व्हिडिओ कॉलवर आरती बघायला आली होती. तिने घटाशेजारी, नंदादीपाच्या उबेला, पाटावर विराजमान झालेली बॅटरी पाहिली आणि किंचाळली. “बाबा! ती फुल चार्ज करून नाही ठेवायची! वापरायची नसेल तर अर्धी ठेवतात. चार्जरवर स्टोरेजचं बटन आहे ना, वो दबाओ. भरलेली ठेवली तर फुगते. फूल गई तो आग पकड़ेगी!”

“अर्धी?” भालचंद्रराव उसळले. “अगं, देवीपुढे अर्धी भरून ठेवू? ओटी कधी कुणी अर्धी भरतं का?”

“बाबा, ती ओटी नाहीये. बॅटरी आहे.”

“तुमच्या पुण्यात असेल. इथे ती देवीपुढे बसलीय.” आणि त्यांनी आरतीला सुरुवात केली. आरती मोठ्याने म्हणायला लागले की घरात कुणाचं काही ऐकू येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

बरं, एवढ्यावर थांबतील तर ते पोतनीस कसले! दुसऱ्या दिवशी मापून पाहिलं तर बॅटरी केसभर उतरलेली. पलीकडे वनमालाबाई नंदादीपात तेल घालत होत्या, दिवा अखंड राहिला पाहिजे म्हणून. भालचंद्ररावांना तिथेच मार्ग दिसला. रोज सकाळ-संध्याकाळ आरतीच्या आधी बायकोने दिव्यात तेल घालायचं आणि यांनी बॅटरीत वीज. गाडीवर नाही, मैदानावर नाही, बॅटरी जागची हलली नाही, नुसती खात राहिली. देवीचा उपास घरात सगळ्यांना होता, तिला तेवढा नव्हता.

सातव्या माळेला वनमालाबाईंच्या लक्षात आलं. बॅटरीवर लावलेला कुंकवाचा पट्टा मधोमध तडकला होता, कारण खालचं पोट वर आलं होतं. “अहो,” त्या म्हणाल्या, “ही फुगलीय.”

“फुगली नाही. भरलीय.” भालचंद्ररावांनी चष्मा लावून पाहिलं. आत कुठेतरी त्यांनाही शंका आली, पण ते कबूल करणार कुणाजवळ? “देवीची कृपा झाली की तेज येतं अंगावर.”

“तेज माणसाला येतं. वस्तूला येते ती सूज. श्रुतीला फोन लावा.”

“श्रुतीचं ऐकून कुणी लढाई जिंकलंय का?” असं म्हणून त्यांनी नवा कुंकवाचा पट्टा ओढला. पण त्या रात्री ते कुशीवर कुशी बदलत राहिले. दसऱ्याला मैदानात आपण नुसतेच एक म्हातारे म्हणून उभे आहोत, हाक जगदाळ्यांच्या नावाची होतेय आणि आपण टाळ्या वाजवतोय, हे चित्र डोळ्यांपुढून हलेना. मान गेला तर आपल्याला कोण ओळखणार? गॅसवाला ओळखतो, पण तो घर नंबराने. भालचंद्ररावांना खरोखर रडू आलं, आणि बाजूला बायको जागी आहे हे कळल्यावर त्यांनी खोकल्याचं सोंग केलं.

दसऱ्याच्या दुपारी बॅटरी गाडीत बसेना. जागा चौकोनी, आणि ही झालेली गोल. दाबली, रेटली, शेवटी खणाच्या चिंधीने आवळून बांधली. श्रुतीचा फोन आला होता, तिने पडद्यावर हे पाहिलं आणि “बाबा, हाथ मत लगाओ उसको, प्लीज!” एवढंच म्हणू शकली. भालचंद्रराव म्हणाले, “हॅलो? आवाज तुटतोय गं,” आणि फोन ठेवून दिला. आवाज अगदी स्वच्छ येत होता.

मैदान भरलं होतं. चुन्याची रेघ, पलीकडे शमी. कुणी रेघेला पायसुद्धा लावत नव्हतं, कारण मानाआधी ओलांडायची नाही ही पद्धत. वनमालाबाई नेहमीप्रमाणे गर्दीत मागे, हातात मोठं ताट. त्यात निरांजन, नारळ, सोनं ठेवायला तबक आणि उठलेल्या घटाची माती. घटाचे कोंब सगळ्यांना वाटून झाले की उरलेली माती शमीच्या बुंध्याशी टाकायची, ही त्यांची दरवर्षीची रीत. त्यांच्याशेजारी मानसिंगरावांच्या सुधाताई, हातात नवऱ्याचे जोडे, कारण मानसिंगराव शर्यतीसाठी अनवाणी झाले होते. घोडेस्वार अनवाणी का असावा, हे त्यांनी सांगितलं नाही.

शालिनीताईंनी कपाळाला हात लावला आणि शिटी वाजवली.

काय सांगू तुम्हाला! पोतनीसांची गाडी सुटली ती अक्षरशः धुरळ्यात गडप झाली. जगदाळ्यांचं घुंगरू मागे कुठेतरी खुळखुळत राहिलं. लोक ओरडले, भालचंद्ररावांचा ऊर भरून आला. बापाने, आज्याने, सगळ्यांनी बघावं आता! अर्धं मैदान गेलं, पाऊण गेलं, रेघ हातभर उरली. आणि गाडी थांबली.

हळू नाही झाली, नुसती थांबली. भालचंद्ररावांनी रिमोटचा घोडा दाबला, सोडला, दाबला. गाडीच्या पोटातून पांढऱ्या धुराची बारीक रेघ निघाली. मागून घुंगरू जवळ यायला लागलं.

भालचंद्रराव धावले. डॉक्टरांनी वर्षभर सांगून जो माणूस चालला नाही, तो धावत सुटला. गाडी उचलून हाताने रेघेपलीकडे टाकावी, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं. मानसिंगरावांनी ते पाहिलं. त्यांची गाडी रेघेपासून दोन उड्यांवर होती, बोट तसंच दाबून धरलं असतं तरी काम झालं होतं. पण त्यांनी रिमोट फेकला, अनवाणी पळत जाऊन भालचंद्ररावांना मागून कमरेत मिठी मारली आणि गर्जले, “पागल हो गए हो क्या? पेटतीय ती!”

“सोडा! माझा मान जातोय!”

“जीव जाईल, जीव!”

धूर एकदम फुस्सकन वर आला, पाठोपाठ जाळ. खणाची चिंधी पेटली. वारा लोकांच्या दिशेने होता, समोरून जवळ जाणं शक्य नव्हतं. सगळे मागे सरले. तेवढ्यात गर्दीतून वनमालाबाई निघाल्या, पदराने नाक झाकलं, वळसा घालून सरळ रेघेच्या पलीकडे गेल्या आणि वाऱ्याच्या बाजूने ताटातली घटाची माती गाडीवर ओतली. सगळीच्या सगळी. जाळ दबला. थोडा वेळ मातीतून फुसफुस झाली, मग तीही थांबली. ढिगाऱ्यावर दोन-तीन पिवळे कोंब उभे राहिले होते.

मानसिंगरावांची गाडी भालचंद्ररावांच्या पायाशी बंद पडून उभी होती. बोट सुटलं तशी ती थांबली होती. दोघांच्याही चेहऱ्यांवर काजळी, मिठी अजून तशीच. मानसिंगरावांनी ती घाईघाईने सोडवली.

सगळं शांत झाल्यावर शालिनीताईंनी पुढे येऊन चुन्याची रेघ पाहिली, रेघेवरची पावलं पाहिली, आणि शाळेत हजेरी घ्यायच्या त्याच आवाजात हाक दिली, “पोतनीसांचा मान!”

भालचंद्ररावांचे डोळे भरले. देवीने ऐकलं! त्यांनी काजळी लागलेली टोपी सावरली आणि पाऊल उचललं.

“तुम्ही नाही हो, भाऊ,” शालिनीताई म्हणाल्या. “वनमालावहिनी. सीमा त्यांनी ओलांडली, सगळ्यांच्या आधी. कुणाला आक्षेप?”

मानसिंगराव आक्षेप घ्यायला तोंड उघडणार होते. सुधाताईंनी त्यांचे जोडे त्यांच्याच हातात दिले.

वनमालाबाई घोटाळल्या. हात मातीने भरलेले. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं, रेघेशी येऊन ताट नवऱ्यापुढे केलं आणि म्हणाल्या, “धरा जरा.” भालचंद्ररावांनी धरलं. बाई पदराला हात पुसत शमीकडे निघाल्या आणि मैदानात खुर्च्यांवर बसलेले सगळे उठून पुढे, रेघेशी दाटून उभे राहिले. गुडघे धरून बसलेल्या आजीबाईसुद्धा उठल्या. भालचंद्ररावांनी आयुष्यभर हा क्षण पुढून पाहिला होता. मागून पाहिला तर काहीच दिसेना. नुसत्या पाठी आणि मानेवरचे गजरे. ते टाचा उंच करून बघायला लागले, तर ताट कलंडायला लागलं.

शेजारी मानसिंगराव जोडे धरून उभे होते. “काही दिसतंय?”

“नाही हो.”

“मग या दोघी दरवर्षी इथे उभं राहून बघायच्या तरी काय?”

तेवढ्यात कुणीतरी वळून न बघता त्यांच्या ताटात नारळाची शेंडी टाकली, दुसऱ्याने मोबाईल ठेवला, “जरा धरना, भैया,” म्हणून तिसऱ्याने गाडीची किल्ली. ताट धरणाऱ्याचं तोंड कुणी बघत नाही, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि आपणही इतकी वर्षं कधी बघितलं नव्हतं हे लगेच पाठोपाठ कळलं. त्यांना लाज वाटली. चांगली कानांपर्यंत वाटली.

वनमालाबाई पहिलं पान घेऊन आल्या. भालचंद्ररावांनी सवयीने दोन्ही हात पुढे करायला घेतले, पण हात ताटात अडकलेले. बाईंनी पान ताटात ठेवलं, नमस्काराला वाकल्या. ताट परत घ्यायला त्यांनी हात पुढे केला.

“राहू दे,” भालचंद्रराव म्हणाले. “धरतो मी.”

“मग चला. आणि घरी गेल्यावर तो चार्जर देवघरातून काढा.”

बाई पुढे निघाल्या. वाटेत बायका त्यांना थांबवत होत्या, सोनं देत होत्या, हसत होत्या. श्रुतीने गाडी पाठवली होती ती बाबांनी रोज थोडं चालावं म्हणून. त्या संध्याकाळी बाबा पहिल्यांदा मैदानापासून घरापर्यंत चालले, आईच्या मागून, दोन्ही हातांनी ताट धरून. ताट चांगलंच जड होतं.